कमी पैशात घरच्या घरी छोटा लढाऊ रोबोट कसा बनवायचा (इंदूरकरांसाठी दुकानांच्या पत्त्यासकट)

आधीच सांगून ठेवतो, यात फिरणारी पाती, करवत, हातोडा असलं काही मिळणार नाही. पहिला रोबोट बनवायला निघालेला प्रत्येक जण व्हिडिओ बघून येतो, त्यात ठिणग्या उडतायत, पत्रे हवेत जातायत, आणि मग त्याला पण तेच पाहिजे असतं. माझं मत एकदम उलट आहे. पहिल्या रोबोटला शस्त्र नको, सगळा पैसा आणि सगळी मेहनत चाकं, वायरी आणि चालवायच्या सरावावर घाला. कारण छोट्या रोबोटच्या लढाया बघितल्यात ना तर लक्षात येईल की निम्मेशिम्मे रोबोट समोरच्याच्या माराने मरतच नाहीत, स्वतःची वायर सुटली, चाक निघालं, बॅटरीचा कनेक्टर ढिला झाला म्हणून उभे राहतात. जो तीन मिनिटं नुसता चालत राहिला तो बऱ्याचदा जिंकतो.

आणि शस्त्र नसलेला रोबोट म्हणजे रडका असं पण काही नाही. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रोबोट वॉर्समध्ये हेवीवेट गट जिंकलेला ला मशीन हा मुळात एक वेगात धावणारा उतरता पत्रा होता, समोरच्याच्या खाली घुसायचं आणि ढकलत न्यायचं, बस. याला वेज म्हणतात, आपण तोच बनवायचा, फक्त तळहातापेक्षा थोडा मोठा.

वजन ठरवा, मग बाकी सगळं

या खेळात सगळं वजनावर चालतं. अमेरिकेतला अँटवेट गट म्हणजे १ पाउंड, ४५४ ग्रॅम. इंग्लंडात त्याच नावाचा गट १५० ग्रॅमचा आहे, त्यामुळे नेटवर कुठला पण डिझाइन बघाल तर आधी तो कुठला ते बघा. अमेरिकेत अँटवेटच्या वरचा बीटलवेट ३ पाउंडांचा, म्हणजे १.३६ किलो. आपल्याकडे कॉलेजात जे रोबोवॉर होतात ते बहुतेक मोठ्या वजनाचे, मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टला तर ६० किलोचे रोबोट असतात, ते घरच्या गॅलरीत बसून होणारं काम नाही. आपण ४५४ ग्रॅम धरून चालू. ज्या स्पर्धेत उतरायचंय तिचं रुलबुक मात्र सामान घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

घरात डिजिटल किचन वजनकाटा असेल तर तो आता तुमचा. हिशोब अंदाजे असा बसतो, चार मोटरी ४० ग्रॅम, चार चाकं ४०, बॅटरी ३०, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) १५, मोटर कंट्रोलर (मोटरींचा वेग आणि दिशा सांभाळणारा) १५, वायरी-स्विच-कनेक्टर २५. झाले १६५. बॉडीचे वरखालचे पत्रे ७०, बाजू आणि पाठ ८०, पुढचा वेज बिजागरीसकट ८०, स्क्रू २५. एकूण ४२० च्या आसपास, म्हणजे तीसेक ग्रॅम हातात राहतात आणि ते ठेवाच, कारण रांगा (वायरी जोडायची सोल्डरची तार), टेप, केबल टाय यांचं वजन कुणीच धरत नाही आणि शेवटी तेच नडतं.

सामान कुठून आणायचं

इंदूरला एक बरं आहे, सगळं राजवाड्यापासून फार लांब नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं महाराणी रोडला, मोबाइल रिपेअरवाल्यांचं बारीक सामान, म्हणजे चांगला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायची पेस्ट), बारीक रांगा, सोल्डरिंगची टोकं, हे जेल रोडला, स्क्रू-नट-ड्रिल-पाने सियागंजला, आणि बॉडीसाठी बर्तन बाजार. हो, बर्तन बाजार. भाजी कापायचा पांढरा जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड मिळतो ना, तो बहुधा एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा असतो आणि लढाऊ रोबोटच्या बॉडीला त्याच्याइतका स्वस्त आणि चिवट माल दुसरा नाही. मार बसला की दबतो, वाकतो, पण तडकत नाही. ॲक्रिलिक अजिबात घेऊ नका, दिसायला भारी पण पहिल्याच धडकेत काचेसारखं जातं. पारदर्शक झाकण पाहिजेच असेल तर पॉलिकार्बोनेट, साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे कटपीस पडलेले असतात, मागितले की देतात.

घेताना नखाने घासून बघा, एचडीपीई थोडं मेणचट लागतं. एक ८ मिलीचा बोर्ड घ्या बाजूंसाठी आणि एक पातळ, ३ मिलीच्या आसपासचा, वरखालसाठी.

महाराणी रोडला मोटर मागताना नीट सांगा, नाही तर 'भिया, खिलौनेवाली चाहिए क्या' म्हणून पिवळा प्लास्टिक गिअरबॉक्स हातात ठेवतात. ती पिवळी बीओ मोटर शाळेच्या लाइन फॉलोअरला (रेघेवरून चालणाऱ्या रोबोटला) ठीक आहे, इथे तिचे प्लास्टिकचे दात एका धडकेत झिजतात. तुम्हाला पाहिजे एन२० मोटर, धातूचा गिअरबॉक्स, ३ मिलीचा डी शाफ्ट (एका बाजूने सपाट केलेला दांडा), ६ व्होल्टची, ५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास. चार घ्या, परवडलं तर एक जास्त. तिथे नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा, पण सगळ्या एकाच ठिकाणच्या घ्या, वेगवेगळ्या लॉटच्या मोटरी एका स्पीडने फिरत नाहीत आणि रोबोट एका बाजूला ओढत राहतो.

५०० च का, तर साधा हिशोब आहे. ४३ मिलीचं चाक एका फेरीत साडेतेरा सेंटीमीटर जातं, ५०० आरपीएमला सेकंदाला १.१ मीटर झाले, आणि आपण दोन सेलची बॅटरी लावणार म्हणजे ७.४ व्होल्ट, तर स्पीड अजून थोडा वाढतो. छोट्या अरीनात (लढाईच्या रिंगणात) एवढा पुरे. १००० आरपीएमची घेतली तर स्पीड दुप्पट पण जोर तेवढाच कमी, आणि नवशिक्याच्या हातात तो रोबोट भिंतीवर आपटत बसतो.

मोटर कंट्रोलरला खूप जण एल२९८एन घेतात कारण स्वस्त आणि सगळीकडे मिळतो. नका घेऊ. तो मोठा, जड, आणि दोनेक व्होल्ट स्वतःच उष्णतेत खाऊन टाकतो, ७.४ मधले दोन गेले तर मोटरीला काय उरलं? डीआरव्ही८८३३ छान आहे पण चॅनलला दीड अँपिअर, दोन मोटरींच्या रोबोटला चालतो, चार असतील तर एका बाजूच्या दोन मोटरी अडकल्या की तीन अँपिअरपर्यंत ओढू शकतात. म्हणून आरसी गाड्या-टँकवाला ड्युअल ब्रश्ड ईएससी (दोन्ही बाजूंच्या मोटरी चालवणारा स्पीड कंट्रोलर) घ्या, ५ अँपिअर गुणिले दोन, पुढे-मागे दोन्ही चालवणारा. तो रिसीव्हरला सरळ जोडता येतो, मध्ये आर्दुइनो (प्रोग्राम टाकायचं छोटं बोर्ड), कोडिंग वगैरे काही नाही. आणि रिसीव्हरला लागणारे ५ व्होल्ट तोच देतो की नाही हे विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर मोटरी आठशे ते हजार, ईएससी सहाशेच्या आसपास, बॅटरी तेवढीच, चार्जर चारशे, बोर्ड-स्क्रू-पत्रा-वायर मिळून पाचशे. तीन हजारांत रोबोट झाला, भाव थोडे इकडेतिकडे होतील. खरा खड्डा रिमोटचा, फ्लायस्काय एफएस-आय६ रिसीव्हरसकट चार-पाच हजार घेतो. पण तो एकदाच घ्यायचा असतो आणि पुढचे दहा रोबोट त्यावर चालतात. दोनतीन मित्रांनी मिळून एक घ्या. ईएसपी३२ (ब्लूटूथवालं तसलंच बोर्ड) लावून फोनवरून ब्लूटूथने पण चालतो, चारपाचशेत काम होतं, घरी शिकायला मजा आहे, फक्त स्क्रीनवर बोटाला रिमोटच्या काठीचा (जॉयस्टिकचा) अंदाज येत नाही, नजर रोबोटवर ठेवायची की फोनवर असा गोंधळ होतो, आणि पुष्कळ स्पर्धांत फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला की रोबोटने आपोआप थांबणं) दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत.

बॉडी

१२ सेंटीमीटर लांब, १० रुंद. पातळ बोर्डाचे असे दोन तुकडे, एक तळ एक झाकण. जाड बोर्डाच्या दोन पट्ट्या १२ सेंटीमीटरच्या, २८ मिली उंच, आणि मागे-पुढे आडव्या दोन, पुढची थोडी छोटी चालेल. हॅक्सॉने आरामात कापलं जातं, ड्रिलला घाई केली तर प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं म्हणून स्पीड कमी ठेवा.

२८ मिली का? वरखालचे ३-३ मिली धरून उंची ३४ झाली, चाक ४३ चं. चाकाचा मध्य बरोबर बॉडीच्या मध्यावर ठेवला की वर साडेचार, खाली साडेचार मिली चाक बाहेर राहतं, म्हणजे रोबोट उलटा पडला तरी चालतच राहतो. ही एक गोष्ट जमली तर निम्म्या लढाया तुम्ही हरणारच नाही, कारण समोरच्याची सगळी खटपट तुम्हाला उलटं करायचीच असते.

आता मोटर बसवायची, इथे वेळ द्या. एन२० चा शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाहेर जेमतेम ९-१० मिली असतो. ८ मिलीच्या भिंतीला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढला तर चाकाला पकडायला काही उरतच नाही. म्हणून भोक शाफ्टचं नाही, गिअरबॉक्सचं पाडायचं. गिअरबॉक्सचं तोंड १२ बाय १० मिलीचं चौकोनी आहे, लांबी ९ च्या आसपास. भिंतीवर तेवढा चौकोन आखा, आत ड्रिलने दोनतीन भोकं मारा, मधला भाग कटरने काढा आणि मग बारीक कानशीने एकेक बाजू घासत मोटर लावून बघत जा. अंगठ्याने दाबल्यावर कचकच करत आत जाईल इतकंच घट्ट पाहिजे, सहज सरकली तर खिडकी मोठी झाली, मग सायकलच्या ट्यूबची चकती बाजूला घाला. गिअरबॉक्सचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी सपाट आलं पाहिजे, म्हणजे पूर्ण शाफ्ट चाकाला मिळतो आणि धडकेचा सगळा जोर आठ मिलीचं प्लास्टिक घेतं. मोटरीचा मागचा गोलसर भाग आत राहतो, त्याच्याखाली ट्यूबची पट्टी ठेवून तळाला दोन भोकं पाडून केबल टायने आवळा. गरम गोंदाने मोटर चिकटवू नका हो, मोटर तापली की गोंद मऊ पडतो.

गिअरबॉक्सच्या तोंडावर बारीक स्क्रूची दोन भोकं असतात, ती वापरायची असतील तर स्क्रू आखूड घ्या, लांब गेला तर सरळ गिअरला जाऊन टेकतो आणि मोटर जाम.

तळ आणि झाकण भिंतींच्या कडेला एम३ स्क्रूने लावा. एचडीपीईला २.५ मिलीचं भोक पाडून एम३ स्क्रू सरळ पिळला की तो स्वतःच आटे पाडून घेतो, नट लागत नाही. जिथे धातूला धातू आहे तिथे नायलॉनवाला लॉकनट. लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूवर, पॉलिकार्बोनेटला लागलं तर ते चरे जाऊन फुटतं.

वेज

यासाठी सियागंजला रंगवाल्यांचा पुट्टी लावायचा लोखंडी पत्ता (पुट्टी नाइफ) घ्या, रुंदीला चारपाच इंची. काय सुंदर वस्तू आहे ती. पातळ, स्प्रिंगसारखी, आणि कड आधीच घासलेली. लाकडी मूठ काढून टाका, पत्त्याला मागे दोन भोकं पाडा, ड्रिलला तेलाचा थेंब आणि स्पीड एकदम कमी, नाही तर बिट जळेल. मग छोटी दारांची बिजागरी लावून बॉडीच्या पुढच्या पट्टीला, बरोबर अर्ध्या उंचीवर. वेज फिक्स करू नका. बिजागरीवर लोंबकळता ठेवला की तो स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकून घासत जातो, रोबोटचं बाकी सगळं वजन चाकांवर राहतं, आणि रोबोट उलटला तर वेज पण पडून दुसऱ्या बाजूने जमिनीला टेकतो. वजन चाकांवर का पाहिजे, तर ढकलायची ताकद शेवटी चाकाच्या पकडीवर ठरते, मोटर कितीही जोरदार असो, चाक घसरलं की संपलं. ४५४ ग्रॅमच्या रोबोटला चांगल्या रबरावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ढकल मिळते, त्यातलं शंभर ग्रॅम वजन जर फिक्स वेजवर बसलं तर तेवढी पकड फुकट गेली.

हातमोजे घालून काम करा, पुट्टी पत्त्याची कड बोट कापते. आणि स्पर्धेला नेताना त्यावर पाइपचा चिरलेला तुकडा चढवून न्या.

चाकांचं रबर गुळगुळीत असेल तर सायकलच्या ट्यूबची रिंग कापून वर चढवा, फेविक्विकचे दोन थेंब. लढाईच्या आधी स्पिरिटने पुसा, धूळ गेली की पकड लगेच कळते.

वायरिंग

ब्रेडबोर्डवाल्या जंपर वायरी इथे चालत नाहीत, सांगून ठेवतो. त्या नुसत्या खोचलेल्या असतात, पहिल्या धक्क्यात निघतात. मऊ सिलिकॉन वायर घ्या, बॅटरीकडे २० गेज, मोटरीकडे २२-२४ चालेल, आणि प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). एका बाजूच्या दोन मोटरी समांतर जोडा, प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांमध्ये १०४ चा छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा, त्याने रिसीव्हरच्या सिग्नलला त्रास देणारा विजेचा अडथळा (नॉइज) कमी होतो. सोल्डर करताना मोटर अशी धरा की फ्लक्स ओघळून आत जाणार नाही, आणि दोन सेकंदांच्या वर लोखंड टेकवून ठेवू नका, टर्मिनलचं प्लास्टिक लगेच वितळतं. प्रत्येक जोडापाशी वायर थोडी सैल ठेवा आणि गरम गोंदाचा ठिपका द्या, गरम गोंदाचा खरा उपयोग हाच.

बॅटरीला एक्सटी३० कनेक्टर. मेन स्विच बाहेरून हात पोचेल असा, रोबोट उलटा असला तरी. आणि एक छोटी एलईडी, रेझिस्टरसकट, रोबोट चालू आहे हे लांबून दिसलं पाहिजे, जवळपास सगळ्या स्पर्धांत तो नियमच आहे. बॅटरी जोडायच्या आधी मल्टीमीटरने प्लस-मायनस शॉर्ट नाही ना ते बघा. उलटी जोडलेली बॅटरी म्हणजे ईएससी गेला, वॉरंटी कुणी देत नाही.

बॅटरी आणि तिच्याशी वागायची पद्धत

दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी), ४५० एमएएच, ३० सी च्या आसपास, सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट. म्हणजे कागदावर साडेतेरा अँपिअर देऊ शकते, आपल्याला त्याच्या निम्मे पण लागत नाहीत. तीन मिनिटांच्या लढाईत सरासरी दोन अँपिअर धरले तर १०० एमएएच खर्च.

सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ३.० च्या खाली कधीच जाऊ द्यायचा नाही, ३.५ ला थांबलेलं बरं. चार्जर बॅलन्सवाला (प्रत्येक सेल सारखा भरणारा) पाहिजे, बी३ टाइपचा साधा चालतो. करंट सेट करता येत असेल तर ०.४५ अँपिअर, म्हणजे १ सी. बी३ सारख्याला ते बटण नसतं, तर त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि बॅटरीवर जास्तीत जास्त चार्जिंग किती लिहिलंय ते बघा, मग जोडा. चार्जिंग लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही, गादीवर किंवा पडद्याजवळ तर अजिबात नाही. मातीची कुंडी किंवा जुना स्टीलचा डबा घ्या, त्यात ठेवून फरशीवर चार्ज करा, डब्याचं झाकण घट्ट लावू नका. बॅटरी फुगली की संपली, तिला टाचणी टोचून हवा काढणारे महाभाग असतात, ती हवा नाही, पेटते ती. फुगलेली, भोक पडलेली बॅटरी लगेच गच्चीवर उघड्यावर, जवळ वाळू ठेवून. रोबोटमध्ये बॅटरीच्या चारी बाजूंना फोम द्या आणि आत डोकावणारी स्क्रूची टोकं आधी कापा, लिपोला सगळ्यात जास्त धोका आपल्याच स्क्रूपासून असतो.

रिमोट

बाइंडिंगचा प्लग रिसीव्हरला लावून, रिमोटचं बाइंड बटण दाबून चालू केलं की जोडी जमते. एफएस-आय६ मध्ये ओके दाबून धरा, फंक्शन्समध्ये एलेव्हॉन चालू करा, मग एकाच काठीने पुढे-मागे आणि वळणं दोन्ही होतात. एखादी बाजू उलटी फिरत असेल तर रिव्हर्समधून उलटवा किंवा मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल करा.

मग फेलसेफ. रोबोट डब्यावर ठेवा, चाकं हवेत, काठी पुढे करा आणि तशीच धरून रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफमध्ये जाऊन काठी मध्यावर ठेवून सेट करा आणि पुन्हा बघा. हे झाल्याशिवाय रोबोट जमिनीवर टेकवू नका.

सराव

खडूने फरशीवर आठाचा आकडा काढा आणि त्यावरून चालवा, पुढे, मग मागे. मग पाण्याने अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवा आणि ती ढकलत ठरलेल्या फरशीवर न्या. त्यानंतर रोबोट उलटा करून तेच. उलटा झाला की पुढे-मागे उलटं होतं, डावं-उजवं मात्र तसंच राहतं, डोकं थोडं चक्रावतं, पण एका स्विचवर किंवा रिव्हर्सवर ते सोडवण्यापेक्षा हाताला सवय लावलेली बरी. भावंडांना दुसरा रिमोटचा रोबोट किंवा साधी आरसी गाडी देऊन पाटावरून खाली ढकलायचा खेळ लावा, सुट्टीत वाड्यातली सगळी पोरं जमतात आणि तुमचा सराव होतो.

आता ज्यांचं मन अजून त्या फिरणाऱ्या चकतीत अडकलंय त्यांच्यासाठी एकच हिशोब. १०० ग्रॅमची, १० सेंटीमीटर व्यासाची चकती ८००० आरपीएमला फिरवली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर, आणि तिच्यात साधारण ४४ ज्यूल साठतात. एक किलोचं वजन साडेचार मीटरवरून पायावर पडावं तेवढं. ड्रोनची ए२२१२ मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी लावला की हा आकडा घरी सहज गाठता येतो, म्हणूनच भीती आहे. जाड पॉलिकार्बोनेटची बंद पेटी आणि शस्त्राला लॉक नसेल तर ते चालू पण करायचं नाही, गच्चीवर तर नाहीच नाही.

स्पर्धेच्या दिवशी डब्यात हे असू द्या, एक जादा मोटर वायरी आधीच सोल्डर केलेली, दोन चाकं, केबल टाय, एम३ स्क्रू, ॲलन की, सोल्डरिंग लोखंड, इन्सुलेशन टेप, स्पिरिट आणि फडकं, दुसरी चार्ज केलेली बॅटरी. दोन लढायांच्या मध्ये झाकण उघडून प्रत्येक वायर बोटाने हलकी ओढून बघा, प्रत्येक स्क्रूला अर्धा पेच द्या, वेज वाकला असेल तर पक्कडने सरळ करा, कड जमिनीला पूर्ण टेकते का ते काचेवर किंवा फोनच्या स्क्रीनगार्डवर ठेवून बघा. घरी आल्यावर बॅटरी रोबोटमधून काढा, आणि आठवडाभर हात लावणार नसाल तर ३.८ व्होल्ट सेलला ठेवून डब्यात टाका, पूर्ण भरलेली नको आणि रिकामी तर नकोच.